चेनसॉने झाड पाडताना : नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

चेनसॉ प्रथमच हातात घेणाऱ्याला साखळीची भीती वाटते आणि ती रास्तही आहे, कारण पूर्ण वेगात असताना साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावत असते. परंतु झाड पाडण्याच्या कामात साखळीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक धोका झाडाकडून असतो. वाळकी फांदी वरून निखळते, खोड उभे फाटते, बुंधा बुडख्यावरून मागे घसरतो आणि या सगळ्या घटनांना एखाद-दुसऱ्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत नाही. म्हणून झाड कोठे आणि कसे पडणार याचा निर्णय यंत्र सुरू होण्यापूर्वीच झालेला असला पाहिजे. यंत्राने तो निर्णय फक्त अमलात आणायचा असतो.

हे मार्गदर्शन निरोगी, जवळजवळ सरळ उभ्या असलेल्या, मोकळ्या जागेतील आणि मध्यम जाडीच्या झाडापुरते आहे. पहिली काही झाडे अनुभवी माणूस शेजारी असतानाच पाडावीत, कारण लाकडाचा ताण हाताला कसा जाणवतो हे वाचून समजत नाही. झाड तोडण्याची कायदेशीर परवानगी लागते का, याची चौकशी त्याही आधी करावी आणि झाडावर घरटी आहेत का तेही पाहावे.

कोणते झाड नवशिक्याने पाडू नये

झाडाभोवती सावकाश एक फेरी मारावी आणि वर पाहावे. खोडाचा कल एकीकडे आणि फांद्यांचा भार दुसरीकडे असे पुष्कळदा असते, त्यामुळे एकाच बाजूने पाहून अंदाज बांधू नये. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन ठिकाणांहून, थोडे दूर उभे राहून, झाड पाहिले म्हणजे त्याचा खरा तोल कळतो. वाळक्या किंवा तुटून अडकलेल्या फांद्या, शेजारच्या झाडांत गुंतलेला शेंडा, दोन झाडांना बांधून ठेवणाऱ्या वेली आणि वाऱ्याची दिशा यांची नोंद घ्यावी. वेलींकडे विशेष लक्ष द्यावे. वरवर किरकोळ दिसणारी वेल पडत्या झाडाची दिशा बदलू शकते, किंवा शेजारच्या झाडाची फांदी ओढून थेट तोडणाऱ्याच्या डोक्यावर आणू शकते.

त्यानंतर बुंधा तपासावा. बुडाशी उगवलेली अळंबी, सुटलेली साल, ढोली, वाळवीची माती किंवा लाकडाचा पडलेला भुगा ही आतून कुजल्याची लक्षणे होत. कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने खोडावर ठोकून पाहावे. निरोगी लाकडाचा आवाज भरीव येतो, पोकळ खोडाचा घुमतो. कुजलेल्या लाकडात झाडाला दिशा देणारी बिजागरी, म्हणजे कापताना मुद्दाम राखलेली लाकडाची पट्टी, टिकत नाही, म्हणून असे झाड नवशिक्याने सोडून द्यावे.

पुढील झाडांना तर हातच लावू नये : वीजवाहिनीच्या आवाक्यात असलेले झाड, पूर्ण वाळलेले झाड, जोरात एका बाजूला झुकलेले झाड, वादळाने मुळासकट कलंडलेले झाड आणि ज्याची जाडी आपल्या यंत्राच्या पात्याच्या (ज्या पट्टीभोवती साखळी फिरते तिच्या) लांबीपेक्षा अधिक आहे असे झाड. मुळासकट कलंडलेल्या झाडाचे खोड कापले की मातीसह उचललेली मुळांची ढेप एकाएकी जागेवर परत बसू शकते आणि तिच्याखाली माणूस चिरडला जाऊ शकतो. असे झाड जमिनीवर आडवे असते, त्यामुळे ते सोपे वाटते. म्हणूनच त्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

जोराचा किंवा झोताने येणारा वारा, पाऊस, धुके आणि मावळता उजेड यांपैकी काहीही असल्यास काम पुढे ढकलावे. एकट्याने हे काम कधीही करू नये. हाकेच्या अंतरावर, पण झाडाच्या टप्प्याबाहेर, मदतीला धावू शकेल असा माणूस हवा.

अंगावरची साधने

मुखजाळी आणि कर्णरक्षक जोडलेले हेल्मेट, कापरोधक विजार, पोलादी टोकाचे व घट्ट पकडीचे बूट आणि हातमोजे ही किमान साधने होत. चेनसॉचा आवाज बहुधा १०० डेसिबलच्या वर जातो, तर ८५ डेसिबलपासूनच दीर्घकाळात कानांना इजा होऊ लागते. कापरोधक विजारीच्या आत लांब तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागताच ते तंतू बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी थांबते. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची ओढ वेगळी असल्याने तेथे हे संरक्षण अपुरे पडू शकते, ही गोष्ट बॅटरीचे यंत्र निरुपद्रवी समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. सैल कपडे, उपरणे, लोंबणारी दोरी अंगावर असू नये. मोठ्या रक्तस्रावावर दाबून बांधता येईल अशी पट्टी स्वतःच्या खिशात असावी. दूर उभ्या केलेल्या गाडीतल्या पेटीचा अशा वेळी उपयोग होत नाही.

यंत्र तपासणे आणि सुरू करणे

साखळीचा ताण असा असावा की ती पात्याच्या खालच्या कडेला लोंबणार नाही, पण हातमोजा घालून ओढल्यास सहज सरकेल. साखळीला धार आहे की नाही हे कापातून बाहेर पडणाऱ्या लाकडावरून कळते : धारदार साखळी जाडसर ढलप्या काढते, बोथट साखळी बारीक भुसा काढते. बोथट साखळीला जोर लावावा लागतो, जोर लावताना तोल जातो आणि अपघाताला वाट मिळते. धार लावताना साखळीला जुळणाऱ्या जाडीची गोल कानस वापरावी, सर्व दातांचा कोन सारखा ठेवावा आणि प्रत्येक दातावर सारख्याच वेळा कानस फिरवावी. एका बाजूचे दात अधिक झिजले तर काप वाकडा जातो. तेल पोहोचते आहे का हे पाहण्यासाठी चालू यंत्राच्या पात्याचे टोक फिकट रंगाच्या पृष्ठभागाजवळ, त्याला न टेकवता, धरावे. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

साखळी झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक, थ्रॉटलची (वेग वाढवणाऱ्या खटक्याची) सुरक्षा कळ, बंद करण्याचे बटण आणि तुटलेली साखळी अडवणारा खुंटा यांपैकी एकही निकामी असेल तर यंत्र वापरू नये. बॅटरीच्या यंत्राच्या साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. इंधन भरताना इंजिन थंड असावे आणि भरल्यावर त्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. सुरू करताना यंत्र जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरावी, उजव्या बुटाचा पुढचा भाग मागच्या मुठीत घालावा आणि मग दोरी ओढावी. हवेत झोकून देत दोरी ओढण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती धोकादायक आहे आणि तिच्यामुळे वाचणारा वेळ अगदीच नगण्य आहे.

यंत्राची उसळी

पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला किंवा फांदीला लागला की साखळीचा वेग पात्याला वर आणि मागे, म्हणजे थेट तोंडाच्या दिशेने, उसळवतो. ही उसळी इतकी वेगवान असते की पाहून हात आवरायला वेळ मिळत नाही. तिच्यापासून बचाव करायचा तो आधीपासून योग्य पकड आणि योग्य उभे राहणे यांच्या साहाय्यानेच. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला असावा. चेहरा आणि मान पात्याच्या रेषेत नसावीत. यंत्र खांद्याच्या वर कधीही उचलू नये, शिडीवर उभे राहून कापू नये आणि एका हाताने तर मुळीच चालवू नये. पात्याच्या खालच्या कडेने कापताना यंत्र लाकडाकडे ओढले जाते, तर वरच्या कडेने कापताना ते आपल्याकडे ढकलले जाते. हा फरक जमिनीवरच्या ओंडक्यावर आधी नीट अनुभवून घ्यावा.

जागा मोकळी करणे

झाडाच्या उंचीचा अंदाज एका काठीने घेता येतो. हात समोर ताणून डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर होते, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरावी आणि मुठीची रेषा झाडाच्या बुडाशी व काठीचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकावे. सपाट जमिनीवर, तेव्हाचे झाडापासूनचे आपले अंतर म्हणजे झाडाची अंदाजे उंची. त्या उंचीच्या दुप्पट त्रिज्येच्या वर्तुळात कापणाऱ्याखेरीज कोणीही नसावे. उतारावर खालच्या बाजूची जागा याहूनही दूरपर्यंत मोकळी ठेवावी, कारण पडलेले खोड गडगडू शकते.

पडण्याची दिशा शक्यतो झाडाच्या नैसर्गिक तोलाची निवडावी. मग त्या दिशेकडे पाठ करून उभे राहिले असता समोर ४५ अंशांनी डावीकडे आणि उजवीकडे जाणाऱ्या दोन माघारीच्या वाटा आखाव्यात. बरोबर मागे जाणारी वाट चालत नाही, कारण पडताना बुंधा उसळून नेमका त्याच दिशेने येऊ शकतो. वाटांवरची झुडपे, वेली, दगड, सुट्या फांद्या काढून टाकाव्यात आणि दोन्ही वाटांवरून एकदा प्रत्यक्ष चालून पाहावे. बुंध्याभोवतीची झुडपेही साफ करावीत, म्हणजे पात्याचे टोक नकळत कशालाही लागणार नाही. पाचरी, हातोडा आणि कुऱ्हाड हाताशी, पण वाटेत येणार नाहीत अशी ठेवावीत.

दिशादर्शक खाच

खाच पडण्याच्या दिशेच्या बाजूला घेतात. तिचा वरचा तिरपा काप आधी आणि खालचा काप नंतर घ्यावा, म्हणजे वरच्या कापाच्या फटीतून पाहत खालचा काप नेमका कोठे येऊन मिळतो हे समजते. खाचेची खोली खोडाच्या व्यासाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश असावी. खोड ४० सेंटीमीटर जाड असेल तर खाच ८ ते १० सेंटीमीटर खोल येते. ८ सेंटीमीटर खोल गेल्यावर खाचेच्या कोपऱ्याची रेघ सुमारे ३२ सेंटीमीटर लांब होते, म्हणजे व्यासाच्या ८० टक्के, आणि बिजागरीला एवढी लांबी पुरेशी असते.

खाचेचा कोन किती असावा याविषयी जुनी पद्धत ४५ अंशांची आहे. नवशिक्याने ७० ते ९० अंशांची रुंद खाच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. झाड झुकत जाते तशी खाच मिटत जाते आणि ती पूर्ण मिटली की बिजागरी तुटते. अरुंद खाच अर्ध्यातच मिटते आणि उरलेला प्रवास झाड मोकाट करते, तर रुंद खाचेत झाड जमिनीला टेकेपर्यंत बहुतांशी ताब्यात राहते.

दोन्ही काप एकाच रेघेत मिळाले पाहिजेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर त्या अरुंद फटीत झाड आधीच अडते, दिशा फिरते किंवा खोड फाटते. जादा गेलेला काप दिसल्यास खाच तेवढी खोल करून दुरुस्त करावी, मात्र ती एक चतुर्थांशाच्या फार पुढे जाऊ देऊ नये. खाचेच्या कोपऱ्याची रेघ पडण्याच्या दिशेला काटकोनात आहे की नाही हे यंत्राच्या अंगावरील दिशारेषेवरून नजर लावून पडताळावे. खाच चुकली तर येथपर्यंत ती सुधारता येते. मागचा काप सुरू झाल्यावर सुधारायला फारसे काही उरत नाही.

बिजागरी आणि मागचा काप

खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता राखलेल्या लाकडाच्या पट्टीला बिजागरी म्हणतात. दार जसे बिजागरीवर फिरते तसे झाड या पट्टीवर वळत खाली येते. तिची जाडी व्यासाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या खोडात ४ सेंटीमीटर असावी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सारखीच असावी. ती जाड राहिली तर झाड पडत नाही किंवा खोड उभे फाटते. पातळ झाली किंवा पूर्ण कापली गेली तर झाडावर कोणाचाच ताबा उरत नाही. नवशिक्यांकडून होणारी सर्वांत घातक चूक हीच : झाड हलत नाही असे पाहून अजून थोडे, अजून थोडे असे कापत ते बिजागरीच तोडून टाकतात. नेमून दिलेल्या रेघेवर काप थांबलाच पाहिजे आणि पुढचे काम पाचरीकडे सोपवले पाहिजे. यासाठी बिजागरीची मागची रेघ खोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने आधीच आखून ठेवावी.

मागचा काप सुरू करण्यापूर्वी पुन्हा एकदा सर्व बाजूंना पाहावे, मोठ्याने इशारा द्यावा आणि सोबत्याचा प्रतिसाद मिळाल्यावरच थ्रॉटल दाबावे. काप आडवा असावा आणि खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीवर किंवा २ ते ३ सेंटीमीटर वर असावा. खाली कदापि नसावा. पाते आणि पाचर दोन्ही मावतील एवढा काप आत गेला की पाचर ठोकून बसवावी, म्हणजे झाड मागे बसून पाते चिमटले जाणार नाही. पाचर प्लास्टिकची किंवा लाकडाची असावी. पोलादी पाचरीला साखळी लागली तर दात उडतात. त्यानंतर आखलेल्या रेघेपर्यंत कापावे, यंत्र बाहेर काढावे आणि पाचर ठोकत झाडाला पुढे ढकलावे. जाड किंवा किंचित मागे झुकलेल्या खोडाला दोन पाचरी आळीपाळीने ठोकाव्यात.

पुढे बऱ्यापैकी झुकलेल्या झाडाला ही साधी पद्धत लावू नये. मागचा काप अर्धा होण्यापूर्वीच झाडाचा भार त्याला पुढे खेचतो, खोड उभे चिरत जाते आणि त्याचा मागचा अर्धा भाग वर उचलला जाऊन कापणाऱ्यावर आदळतो. अनुभवी लोक अशा झाडात बिजागरीच्या मागून पाते आरपार खुपसतात, बिजागरी नेमकी घडवून मग मागच्या दिशेने कापत जातात, शेवटी मागच्या सालीजवळ लाकडाचा एक पट्टा राखतात आणि माघारीची वाट पाहून ठेवून तोच शेवटी छेदतात. ही पद्धत उत्तम आहे, पण पाते खुपसताना टोकाच्या खालच्या भागाने सुरुवात केली नाही तर यंत्र हमखास उसळते. ती शिकायची असल्यास आधी पाडलेल्या झाडाच्या उंच बुडख्यांवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सराव करावा.

झाड हलू लागल्यावर

काप रुंदावू लागला, शेंडा हलला किंवा लाकडाचा कडकड आवाज आला की कापणे थांबवावे, ब्रेक लावावा आणि ठरवलेल्या वाटेने निघावे. यंत्र कापात अडकले असेल तर ते तेथेच सोडावे. धावताना पाय अडखळतो, म्हणून झपाट्याने चालावे, किमान ५ मीटर दूर जावे आणि नजर झाडाकडे व वर ठेवावी. पडते झाड पाहत बुंध्याजवळ उभे राहण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. झाड जमिनीवर आल्यानंतरही लगेच पुढे जाऊ नये. शेजारच्या झाडांचे शेंडे हलायचे थांबेपर्यंत वाट पाहावी, कारण त्यांत अडकलेल्या तुटक्या फांद्या काही वेळाने खाली येतात.

झाड दुसऱ्या झाडात अडकून राहिले तर काम तेथेच थांबवावे. अडकलेल्या झाडाखालून जाऊ नये, ज्या झाडात ते अडकले आहे ते कापू नये, अडकलेल्या झाडावर दुसरे झाड पाडून ते सोडवू पाहू नये, त्यावर चढू नये आणि बुंध्याचे खालून तुकडे करत जाऊ नये. लहान झाड आकडीच्या लांब दांड्याने किंवा पट्ट्याने, खोड पडण्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहून, फिरवून सोडवता येते. त्याहून मोठे झाड दुरून विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, ओढून काढावे लागते. दोन्हींपैकी काही जमत नसेल तर जागा दोरीने बंद करून, ठळक खूण लावून, जाणत्या माणसाला बोलवावे. तसे झाड रात्रभर राहिले तरी चालेल, पण त्याच्याखाली कोणी जाता कामा नये.

फांद्या छाटणे आणि तुकडे करणे

झाड आडवे झाले की माणूस निर्धास्त होतो आणि येथेही अपघात होतात. फांद्या बुंध्याकडून शेंड्याकडे छाटत जावे, शक्यतो खोड आपल्या आणि पात्याच्या मध्ये ठेवावे आणि उतारावर नेहमी वरच्या बाजूला उभे राहावे. ज्या फांद्यांवर खोड टेकले आहे त्या शेवटपर्यंत राखाव्यात. पडलेल्या खोडाखाली धनुष्यासारखी वाकून दबलेली लहान झाडे एका फटक्यात कापू नयेत. वाकाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे लाकूड खरवडत त्यांचा जोर सावकाश उतरवावा.

ओंडके करण्यापूर्वी खोड कोठे टेकले आहे ते पाहावे. दोन्ही टोके टेकलेली आणि मधला भाग अधांतरी असेल तर वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण असतो. एकच टोक टेकलेले असेल तर उलट असते. प्रत्येक वेळी दाबाच्या बाजूने सुमारे एक तृतीयांश कापावे आणि उरलेला काप ताणाच्या बाजूने हळूहळू पूर्ण करावा. ताणाच्या बाजूने प्रथम कापले तर खोड फाटते, आणि दाबाच्या बाजूने फार खोल गेले तर पाते चिमटते. पात्याचे टोक मातीत किंवा दगडावर जाऊ देऊ नये.

हात बधिर होऊ लागले, बोटे पांढरी पडू लागली किंवा काप वाकडे येऊ लागले तर विश्रांती घ्यावी. यंत्राच्या कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या दुखावू शकतात.

दुसऱ्या झाडाकडे वळण्यापूर्वी पाडलेल्या झाडाचा बुडखा निरखावा. बिजागरीच्या तुटक्या तंतूंची पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची आहे का, खाचेचे दोन काप एका रेघेत मिळाले होते का, मागचा काप पातळीत होता की तिरपा गेला, हे सर्व तेथे स्पष्ट दिसते. पट्टी मोजून घ्यावी आणि झाड ठरवलेल्या रेषेपासून कोणत्या बाजूला किती सरकले याच्याशी ताडून पाहावी. बहुधा जाड राहिलेल्या बाजूकडे झाड खेचले गेलेले आढळते. तसे असल्यास पुढच्या झाडाला दुसऱ्या बाजूची खडूची रेघ अधिक ठळक आखावी आणि काप चालू असताना ती बाजू एकदा वाकून पाहून घ्यावी.